मोड किती येईल?

माझ्या आत्याचा दागिन्यांच्या बाबतीत एकच सिद्धान्त आहे. दागिना अंगावर कसा दिसतो हे शेजारणीला विचारावं. सराफाला विचारायचं ते एवढंच, की मोड किती येईल? घडणावळ तिच्या लेखी पाण्यात गेलेला पैसा. घट, तूट, डाग हे शब्द ती सासरच्या माणसांची नावं घ्यावीत तशा सावधपणे उच्चारते. कोल्हापूरच्या गुजरीत ती पेढीची पायरी चढली, की आतला माणूस आधी चहा सांगतो आणि मग काटा पुसायला घेतो.

मला नाद आहे तो नेमका उलट्या जातीच्या दागिन्यांचा. ज्यांना मोड नाही, जे मोडता येत नाहीत, किंवा जे मुळात दागिने आहेत की नाहीत यावरच जाणकारांची मारामारी आहे, असे. त्यातही मनगटावरचे. मनगट हा शरीराचा बाजारपेठेतला कोपऱ्यावरचा गाळा आहे. गळ्यातलं पदराखाली जातं, कानातलं केसांखाली. पण मनगटावर जे असेल ते पैसे देताना, बसचा दांडा धरताना, भांडताना आपोआप चारचौघांत मांडलं जातं. म्हणून जगभरच्या हुशार लोकांनी या गाळ्यात नाना दुकानं थाटून पाहिली. सापडेल तो नमुना मी आत्यापुढं ठेवतो आणि ती कस लावते.

पहिला मान ओटो क्युन्झलीचा. या स्विस कलावंतानं १९८० साली काळ्या रबराच्या नळीचं एक कडं केलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा वाटावा असं. त्याच्या आत सोन्याची एक गोळी. बाहेरून दिसतो तो फक्त रबराचा फुगवटा. कड्याचं नाव, ‘सोनं आंधळं करतं’. आत खरंच सोनं आहे का, हे पाहायचं तर रबर कापायला हवं. कापलं की कलाकृती गेली. म्हणजे जन्मभर विश्वासावर मिरवायचं.

आत्यानं चष्मा पुसला. “आपल्याकडं बाहेर सोनं आणि आत लाख भरत्यात. यानं कातडं उलटं केलं, एवढंच की. बरं, विकायला नेल्यावर सराफ ते कापणार का नाही?”

“कापायचं नसतं आत्या, तेच तर...”

“मग मोड नाही. पुढचं सांग.”

क्युन्झलीवर विद्वानांनी बरंच लिहिलेलं आहे. ‘मग मोड नाही’ इतकी नेमकी समीक्षा मला त्यात आढळली नाही.

पुढचा नमुना हॉलंडचा. गाइस बाकर या कलावंतानं १९७३ साली सोन्याची तार दंडाभोवती करकचून आवळली, मग काढून टाकली, आणि कातडीवर उमटलेला वण हाच दागिना आहे असं जाहीर केलं. ‘सावलीचे दागिने’ म्हणतात त्यांना. सोनं आलं, ठसा ठेवून गेलं, आणि थोड्या वेळात ठसाही गेला. मला हे फार थोर वाटतं. आत्यानं मात्र शांतपणे आपली पाटली जेमतेम अर्धं बोट वर सरकवली. तिच्याखाली गोरी, गुळगुळीत, खोल अशी एक कडी कातडीवरच कोरलेली होती. साठ वर्षांचा वण. “त्या बाबाला सांग, तार काढायची घाई केलीस,” ती म्हणाली. “आणि काढलेली तार कुठं ठेवलीय तेवढं विचार.”

पेटर स्कुबिक या कारागिरानं १९७५ साली शस्त्रक्रिया करून पोलादाचा तुकडा हाताच्या कातडीखाली बसवून घेतला आणि सात वर्षं तो कोणाला न दिसणारा दागिना बाळगला. यावर आत्या एवढंच म्हणाली, की अशानं निदान चोरीला तरी जात नाही. क्युन्झलीनं दोन माणसांसाठी एकच अंगठी केली होती, मधे आडवी दांडी जोडून. ती तिला पटली नाही. जेवायला कसं बसायचं, आणि उजव्या हाताचं कोण, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. त्याच्याच एका साखळीत वापरलेल्या ४८ लग्नाच्या अंगठ्या एकमेकींत ओवलेल्या आहेत. कोणाचा घटस्फोट, कोणाचा मृत्यू, कोणाची नुसती टंचाई. ही साखळी ऐकल्यावर ती मोडीबद्दल बोलली नाही. उठून दिवा लावायला गेली, तेव्हा दिवेलागणीला अजून तासभर होता.

घड्याळांचा विषय त्यामानानं हलका. १९७२ साली अमेरिकेत पल्सर नावाचं काटे नसलेलं, लाल आकड्यांचं घड्याळ आलं. सोन्याचं, किंमत २,१०० डॉलर. आकडे बॅटरी इतकी खात, की ते एरवी विझलेलेच असत. वेळ पाहायची तर दुसऱ्या हातानं बटण दाबायचं. म्हणजे एका हातात घड्याळ आणि दुसऱ्यात भाजीची पिशवी असेल, तर श्रीमंत माणसाला किती वाजले ते रस्त्यावरच्या कोणाला तरी विचारावं लागे. दहा वर्षांनी, १९८२ साली, जपानच्या सेइकोनं मनगटावर टीव्हीच आणला. पडदा घड्याळात मावला, पण बाकीचा संसार खिशातल्या डब्यात ठेवावा लागला आणि तिथून बाहीतून वायर ओढावी लागली. उदयपूरला चित्रीकरण झालेल्या ‘ऑक्टोपसी’त जेम्स बाँडकडे हे घड्याळ आहे. बाँडला वायर शोभते. आमच्यासारख्याच्या बाहीतून ती निघाली, तर लोक वाट सोडून दवाखान्याचा पत्ता विचारतील.

पण आत्याचा खरा संताप पाहिला तो ॲपलच्या सोन्याच्या घड्याळावर. २०१५ साली आलं, अठरा कॅरेट, वरची किंमत १७,००० डॉलर. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, कंपनीची नवी प्रणाली आली आणि ती या पहिल्या पिढीच्या घड्याळांवर चालेना. आतला मेंदू म्हातारा. बाहेरचं सोनं तसंच तरणंताठं.

“अठरा कॅरेट म्हणजे रुपयात चार आणे भेसळ,” आत्या म्हणाली, आणि मग जुनी गाठ सुटली. १९६३ च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि नव्या दागिन्याला १४ कॅरेटची मर्यादा घातली. त्याच उन्हाळ्यात आत्याचं लग्न. घरात सोनं होतं, पण बावीस कॅरेटचं नवं काही घडवायची चोरी. शेवटी आजीनं स्वतःच्या हातातल्या पाटल्या साबण लावून उतरवल्या आणि लेकीच्या हातात चढवल्या. जुन्याला कायदा लागू नव्हता. त्याच या पाटल्या, वण पाडणाऱ्या. मोडीचा प्रश्न जगाला विचारणाऱ्या आत्यानं त्यांची मोड कधीच विचारलेली नाही, हे मी तिच्या नजरेला आणून देण्याचा मूर्खपणा करत नाही.

माझ्या स्वतःच्या मनगटावर सध्या एक पट्टा आहे. तो पावलं मोजतो. आरतीला टाळ्या वाजवल्या तर त्याही चालण्यात धरतो. गणपतीच्या दिवसांत मी जागच्या जागी मैलभर जाऊन येतो. रोज दहा हजार पावलांचा त्याचा आग्रह. हा आकडा कुठल्या वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये ‘मान्पो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक, या नावानं एक कमरेला लावायचं यंत्र विकायला आलं, तिथून तो सुटला. आत्याच्या बोटात पंढरपूरच्या दुकानातून आणलेली प्लास्टिकची जपाची अंगठी आहे. नाम घेतलं की बटण दाबायचं, आकडा पुढं जातो. बॅटरी बारकी, ॲप नाही. “माझी टाळ्यांना भुलत नाही,” असं ती म्हणते. गप्पा मारताना अंगठा सवयीनं चालू राहतो आणि त्यात सुनेची निंदाही नामात जमा होते, हे तिनं सांगितलेलं नाही. मी मोजलेलं आहे.

लेदरमन या अमेरिकन कंपनीनं २०१५ साली पोलादी कड्यांचं ‘ट्रेड’ नावाचं ब्रेसलेट जाहीर केलं. प्रत्येक कडीत हत्यारं: स्क्रूड्रायव्हर, पाने, बाटली उघडणी, एकूण २९. कंपनीच्या अध्यक्षाला डिस्नीलँडच्या दारात खिशातल्या हत्यारावरून अडवलं, तेव्हा त्याला ही कल्पना सुचली म्हणे. विमानतळावर चालावं म्हणून यात चाकूचं पातं ठेवलेलं नाही. मी कौतुकानं चित्र दाखवलं. आत्यानं एकोणतीसच्या एकोणतीस वस्तू बोट ठेवून पाहिल्या आणि विचारलं, “यात सेफ्टी पिन कुठाय?”

नव्हती. आत्याच्या बांगडीत मात्र कायम पाच-सहा पिना लोंबत असतात. वॉल्टर हंट नावाच्या माणसानं १८४९ साली या पिनेचं पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला हक्क विकून टाकले. बांगडीत तिचा गुच्छ करायची अक्कल मात्र आपल्या बायकांची, आणि तिचं पेटंट कोणी घेतलेलं नाही. त्या पिनांनी आमच्या घरात निऱ्या टोचल्या, काटे काढले, पर्सची चेन ओढली, लग्नात नवऱ्यामुलाचं उपरणं सावरलं आणि एकदा गॅसचं भोक मोकळं केलं.

गेल्या वर्षी तिला तिरुपतीला विमानानं नेलं. तपासणीच्या कमानीत पाटल्या, बांगड्या, पिना, सगळं एकदम बोंबललं. पोलीस बाईंनी आडोशाला नेऊन बराच वेळ यंत्र फिरवलं. आत्या बाहेर आली ती दोन पिना कमी करून. त्या बाईंच्या छातीवरची नावाची पट्टी निसटत होती. पुढं रांगेत एका निळ्या साडीवालीचा पदर सुटला, तिसरी तिथं गेली. जागेवर बसून पट्टा लावल्यावर आत्यानं बांगडीवरून बोट फिरवलं, हिशेब केला आणि माझ्या मनगटाकडं बघत म्हणाली, “ते तुझं सगळं मोजतंय न्हवं? मग त्याला विचार, ती निळी साडी कितव्या सीटवर बसलीय. पिन पितळेची होती.”