भेंडी खाल्ली हरणाने, बंदूक घेणार भावजी

विस्कॉन्सिनातल्या मॅडिसनजवळच्या आमच्या वस्तीत कुंपण म्हणजे कमरेएवढ्या फळ्या. माणसांना गप्पा मारायला सोयीचं आणि हरणांना उडी मारायला त्याहून सोयीचं. सप्टेंबर सरत आला होता. शेजारच्या कोल्हापूरच्या वहिनी चहाचा कप घेऊन कुंपणाशी आल्या त्या तणतणतच.

"बघा हो ताई, एका रात्रीत फरसबी साफ! भेंडीचे नुसते दांडे उभे आहेत."

"पांढऱ्या शेपटीवाली मंडळी येऊन गेली," मी म्हटलं. "साबणाच्या वड्या टांगून बघा. माझं निम्मं वाचतं."

"साबण कसला! आमच्या ह्यांनी थेट बंदूक घ्यायचं मनावर घेतलंय. ऑफिसातले चौघं नोव्हेंबरात शिकारीला जातात, ह्यांनाही बोलावलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रायफलींचे व्हिडिओ चालू असतात. काल म्हणाले, दोन हजार डॉलर तरी लागतील. मी म्हटलं, त्यात कोल्हापूरला जाऊन येता येईल की."

आता ह्या विषयात मी बोलू नये तर कोणी? माझं आजोळ चिपळूणकडचं. आजोबांच्या माजघरात ठासणीची बंदूक असायची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. डुकरं भातात उतरली की आजोबा बार काढत, बहुतेक वेळा हवेतच. भेकर-सांबर मारायची सोय पुढे वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली, ते बरंच झालं. इथलं गणित उलटं आहे. हरणं उदंड झाली आहेत आणि शिकार हा घरोघरचा सण आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो, त्या दिवशी आमचा प्लंबर, दाताचा डॉक्टर, कोणी म्हणून जागेवर सापडत नाही. आमचे हे सहा वर्षांपूर्वी त्या नादाला लागले, म्हणून माझ्या कानावर सगळं.

"पण एच-वन व्हिसावर बंदूक देतात का हो?" वहिनींनी आवाज खाली आणत विचारलं, जणू पलीकडे पोलीस उभा आहे.

"एरवी नाही देत. पण कायद्यातच एक वाट ठेवलीय. कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स हातात असलं तर घेता येते. इथल्या रहिवाशाला हरणाचं लायसन्स 24 डॉलरला पडतं. पण 1973 किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर आधी शिकारीचा वर्ग करावा लागतो, त्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे क्रम कसा? वर्ग, लायसन्स, मग दुकान. भावजी दुकानापासून सुरुवात करतायत. दुकानदार लांबलचक फॉर्म भरून घेईल तेव्हा व्हिसाचा प्रश्न त्यात येणारच आहे."

"हे ह्यांना माहीतच नाही!"

"व्हिडिओत सांगत नसतील. आणि दोन हजार म्हणाले ना? समोरच्या घराची गोष्ट ठाऊक आहे का?"

वहिनींनी कप फळीवर ठेवला. समोरच्या घराची गोष्ट म्हटल्यावर चहा गार झाला तरी चालतो.

"तो काळ्या ट्रकवाला. परवाच्या हंगामात त्याने तीन हजारांची मॅग्नम रायफल घेतली. वर हाताएवढी लांब दुर्बीण, सहापासून चोवीस पट मोठं दाखवणारी. सरावाला गेला, डोळा स्कोपला चिकटवून चाप ओढला. मॅग्नमचा धक्का तो! कड बसली भुवईवर. घरी आला तर भुवईवर मस्त चंद्रकोर. आपण टिकली लावतो ना, अगदी तशी. बायकोला सांगितलं, ट्रकच्या दाराची लागली."

"मग कळलं कसं?"

"अहो, अशी चंद्रकोर बघितली की इथलं शेंबडं पोरही ओळखतं. डोळा आणि काच ह्यांत तीन-साडेतीन इंच अंतर हवं. ते असो. पुढची गंमत ऐका. पहिल्याच पहाटे हरीण आलं, साठ पावलांवर. ह्याने चोवीस पटीवर स्कोप लावून बघितलं तर समोर नुसते करडे केस! कान की पाठ, कळेना. त्यात झुंजुमुंजू, म्हणून सगळं काळवंडलेलं. हरीण निघून गेलं."

ह्या काळवंडण्यामागे साधा भागाकार आहे आणि तो मला आमच्या ह्यांनी पोळ्या लाटताना समजावला होता. स्कोपवर थ्री टू नाइन बाय फॉर्टी लिहिलेलं असतं. म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दिसतं आणि पुढच्या काचेचा व्यास 40 मिलिमीटर. व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या गोलाची रुंदी निघते. चार पटीवर 10 मिलिमीटर, नऊ पटीवर साडेचार. चोवीस पटीवर पन्नासची काच असली तरी जेमतेम दोन. अंधारात आपली बाहुली त्याहून कितीतरी मोठी उघडते, म्हणून दोनाच्या गोलातून सगळं मिट्ट दिसतं. हरणं तर नेमकी पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला हिंडतात. इथल्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे दिसतंय काय? तीन ते नऊ पुष्कळ झालं, आणि बसताना ते खाली, तीन-चारवर ठेवायचं.

"मग घ्यायचं कोणतं?"

"रायफल साधी. सॅव्हेजची ॲक्सिस, रुगरची अमेरिकन, मॉसबर्गची पेट्रियट. चार-पाचशेच्या आसपास मिळतात. प्लास्टिकचा दस्ता, दिसायला ओबडधोबड, पण गोळी सांगाल तिथे जाते. अक्रोडाच्या लाकडाचे पैसे कशाला द्यायचे? हरीण दस्ता बघत नाही."

"आणि गोळी? हे रोज नवा आकडा सांगतात. आज साडेसहा क्रीडमूर, उद्या थ्री-ओ-एट."

"दोन्ही चालतात, टू-फॉर्टी-थ्रीसुद्धा. तिचा धक्का सौम्य, नवशिक्याला बरी. माझं मत विचाराल तर थ्री-ओ-एट घ्यावी. 1952 पासून चाललीय, कुठल्याही खेड्यातल्या दुकानात काडतुसं मिळतात. थर्टी-ऑट-सिक्स तर 1906 ची, ती अजून उत्तम आहे, पण लाथ जोरात मारते. धक्क्याला घाबरून माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. मग गोळी कितीही भारी असो, ती झाडाच्या खोडात जाते."

"म्हणजे स्कोप स्वस्तातला घ्यायचा?"

"तिथेच चुकतं! रायफलीवर वाचवायचं, स्कोपवर नाही. रायफलीबरोबर फुकटात आल्यासारखा जो स्कोप जोडून देतात ना, तो वर्ष-दोन वर्षांत बदलावाच लागतो असं माझं ठाम मत आहे. दीडशे-दोनशे डॉलर त्यात घाला. व्हॉर्टेक्सचा क्रॉसफायर घ्या, नाहीतर ल्युपोल्डचा फ्रीडम जरा वरच्या किमतीचा. व्हॉर्टेक्स तर आपल्या राज्यातली, बार्नवेल्डची. इथून पश्चिमेला पाऊण तासावर. बिघडला तर आयुष्यभर दुरुस्त नाहीतर बदलून देतात, पावती असो वा नसो. आणि त्याहून महत्त्वाचं काय सांगू? रिंगा आणि त्यांचे स्क्रू."

इथे माझा आवाज चढला, कारण जखम घरची आहे. पहिल्या वर्षी ह्यांनी एका दुकानातून स्कोप बसवून आणला. मैदानावर शंभर यार्डांचा कागद लावला. पहिली गोळी मध्ये, दुसरी चार इंच डावीकडे, तिसरी कागदाबाहेर. हे स्कोपची बटणं फिरवत बसले. एक टिचकी म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. दोन इंच खाली लागली तर आठ टिचक्या वर, हिशेब इतका सोपा. पण दरवेळी हिशेब चुकायचा. वीस-वीस काडतुसांच्या तीन पेट्या संपल्या. ह्यांनी आधी वाऱ्याला दोष दिला, मग रायफलीला, शेवटी मला, मी डब्यात थालीपीठ दिलं म्हणून हात तेलकट झाले होते म्हणे.

शेवटी कोपऱ्यावरच्या आजोबांनी स्कोप चिमटीत धरून हलवला. टकटक वाजला. दुकानदाराने रिंगेचे स्क्रू आवळलेच नव्हते! आजोबांनी मोजून पिळणारा पेचकस आणला, सारखे आवळले. पुढच्या तीन गोळ्या एका वाटीत बसतील इतक्या जवळ. हे दीड महिना ज्याच्याशी झगडत होते ते चार स्क्रूंचं दुखणं होतं.

"आणि त्या आजोबांची आजी माहिती आहे ना?" मी म्हटलं. "पाच फुटांची पण नसेल. जुनी थर्टी-थर्टी, लिव्हर ओढायची, स्कोप नाही, नुसती माशी. दरवर्षी पहिल्या दिवशी दहाच्या आत हरीण घेऊन परत. आजोबांचं पाचव्या दिवशी येतं, कधी येतच नाही. तिचं रहस्य एकच. ऑगस्टपासून दर रविवारी पाच गोळ्या मारते. जास्त नाही, कमी नाही."

वहिनी हसल्या. "म्हणजे ह्यांनी व्हिडिओ बंद करून मैदानावर जायचं."

"आणि दस्ता खांद्याला लावून बघायचा दुकानात. गाल टेकवला की डोळा आपोआप काचेच्या मधोमध यायला हवा. मान ताणावी लागली तर ती रायफल दुसऱ्याची. हो, आणि जाकीट. कमरेवरचे निम्मे कपडे भडक नारिंगी नाहीतर भडक गुलाबी लागतात इथे, टोपी घातली तर तीही निम्मी तरी त्याच रंगाची."

"गुलाबी? ह्यांना?"

"कायद्यात आहे. मी आमच्यांना घेतलंय."

थोडा वेळ दोघीही हसलो. मग वहिनींनी मूळ मुद्दा काढला, जो कोल्हापूरची बाई काढणारच. "ताई, ह्याचा तांबडा रस्सा होतो का?"

"उत्तम होतो. चरबी कमी, म्हणून मंद आचेवर, जास्त वेळ. पण घाई करायची नाही. 2002 पासून इथल्या हरणांत झुरून मरण्याचा एक आजार सापडतोय. वनखात्याने ठिकठिकाणी पेट्या ठेवल्यात, त्यात मुंडकं ठेवायचं, ते फुकट तपासून कळवतात. तोवर मांस फ्रीजरमध्ये."

घड्याळात नऊ वाजले होते. आत भावजींची हाक ऐकू आली. वहिनी कप उचलून निघाल्या, आणि मी कुंपणावरून शेवटचं ओरडले, "भावजींना सांगा, आज आधी शिकारीच्या वर्गाचं नाव नोंदवा! हंगामाच्या तोंडावर जागा भरतात. रायफल मिळाली की स्क्रू आवळायला आमच्याकडे आणा, पेचकस आहे. आणि तपासणीचा निकाल आला की मला हाक मारा, कांदा-खोबरं मी भाजून ठेवते."