जामसावळीच्या दरबारी

द्रोणागिरी उचलून आणणाऱ्या अंजनीसुताने सौसर तहसिलीतल्या जामसावळीस येऊन मात्र पिंपळाखाली अंग टाकले, आणि भक्तजन त्या आडव्या देवापुढे उभे राहून आपापले अर्ज गुदरू लागले: कोणास बदली हवी, कोणाच्या चिरंजीवास नागपुरात नोकरी, कोणाच्या मृग बहारास भाव. देवाने पाठ टेकली त्यात काही हेतू असेल, ही शंका अर्जदारांस शिवत नाही.

मुलुखाची तीच तऱ्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला व सौसर-पांढुर्ण्याचा हा मराठी टापू भोपाळच्या दप्तरी राहिला. इथले संत्रे, ज्याची साल अंगठ्याच्या एका रेट्याने सुटते आणि ज्याचा तेलकट सुवास सायंकाळपर्यंत बोटांवर रेंगाळतो, बाजारात नागपुरी म्हणून खपते, परंतु बागाईतदाराची झोप उडते ती शेजाऱ्याचे फळ किंचित थोर दिसल्याने. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला; कचेरीच्या पाटीचा रंग वाळण्यापूर्वीच उणिवांची फेरिस्त तयार!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर जाम नदीच्या दोन काठांवरचे पांढुर्णा आणि सावरगाव, पात्रात रोवलेल्या पळसावरील निशाणासाठी, परस्परांवर यथेच्छ गोटे फेकतात. पळसाला पाने तीनच, हे उभयतांस ठाऊक असते. तरीही डोक्यास टाके घालून घेणारा इसम डॉक्टरांना प्रथम विचारतो ते हेच, की झेंडा कोणी नेला?