डावीकडनं आलो गा!

बैल बघायला जाऊन आंधळा घोडा घेऊन येणारी माणसांची एक जात असते. बेळगुंदीचे आमचे मामा त्या जातीचे. त्यांना व्यवहार कळत नाही असं कुणी म्हणू नये; रताळ्याच्या पोत्यामागे चार रुपयांसाठी ते दलालाशी जेवणवेळ टळेपर्यंत हुज्जत घालतात. पण कुणी म्हटलं, "मामा, घोडं आंधळं झालंय, दारात नको," की मामा कासरा हातात घेऊन मोकळे.

असे दोन जमलेत. एक निपाणीकडचा, शर्यतीच्या गाडीचा. दुसरा गोकाककडचा, टांग्याचा. दुसऱ्याला मराठीचं अक्षर कळत नाही. आता मामा कट्टर सीमावादी. दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून पुढं. घोषणा देऊन घसा बसलेला असतो. तशा घशानं घरी येतात, इकडंतिकडं बघतात आणि गोठ्यात शिरून हळूच कानडीत म्हणतात, "इल्ली बा राजा, इल्ली बा."

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याची आग पुन्हा पुन्हा उसळून घोडं असं आंधळं होतं. जगभर घोडे आंधळे होण्याचं हेच मोठं कारण. त्यामागं पुष्कळदा लेप्टोचे जंतू असतात, उंदरांच्या मुतानं नासलेल्या पाण्यातले. दृष्टी गेली ती गेली, पण मामांनी त्या दिवसापासून घोड्यांच्या पाण्यावर फळी ठेवली. माणसांचा हंडा अजून उघडाच आहे.

आंधळ्या घोड्याला जागा पाठ असते. दावण, पाण्याचं टाकं, दाराचा खांब, सगळं त्याच्या डोक्यात मोजून ठेवलेलं. म्हणून मामांच्या अंगणात काहीही हलवायचं नाही. पाव्हण्यांनी मोटारसायकल लावली की मामा ती ढकलत थेट देवळापर्यंत नेऊन ठेवतात. दुसरा नियम, जवळ जाताना आवाज द्यायचा. नाहीतर जनावर दचकतं आणि लाथ बसते. "डावीकडनं येऊलालोय गा! आता पाठीवर हात ठेवलो! आता मागनं पलीकडं चाललो!" खरारा करताना एक हात अंगावरनं उचलत नाहीत. मानेवरनं पाठीवर, पाठीवरनं पुठ्ठ्यावर. ते जिकडं सरकतील तिकडं घोड्याचा एक कान वळत जातो. दुसरा कान भिजवलेल्या हरभऱ्याच्या पाटीकडं.

अंगणाबाहेर मात्र घोड्यांना वाट दाखवायला डोळस सोबती असला तर बरा. मामांनी शेळीच्या गळ्यात घंटा बांधली. कल्पना चांगली, शेळी चोर. ती घंटा वाजवत शेजाऱ्याच्या रताळ्याच्या वेलात शिरली आणि मागोमाग हे दोघे, अगदी विश्वासानं. शेजारी काठी घेऊन दारात.

"त्यास्नी दिसतंय कुठं?" मामा.

"आणि शेळीला?"

"ती मुकी हाय की ओ!"

यावर कुठल्या पंचायतीनं काय निवाडा द्यावा? शेजाऱ्यानं दोन शिव्या दिल्या, त्यातली एक शेळीला, आणि गेला. जाताना वेलांच्या खुडलेल्या शेंड्यांचा भाराही घोड्यांनाच टाकून गेला. म्हणजे ही जात सांसर्गिक असावी.

यात मामींचं मत कुणी विचारत नाही, पण त्या देतात. परवा मामा न सांगता उठून कुठंसं गेले, तिन्हीसांजेला परतले आणि अंगणातनं आरोळी दिली, "आलो गा, डावीकडनं आलो!"

मामी चुलीपुढनंच म्हणाल्या, "जल्मात कधी मला सांगून आलायसा?"

"तुला दिसतंय न्हवं!"

मामी काही बोलल्या नाहीत. रात्री वीज गेली. घोडे काळोखात टाक्यावर जाऊन पाणी पिऊन परत आले, शेळीही आली. मामा मात्र बादलीला अडखळून पडले. बादली नेहमीच्या जागेपासून वीतभर सरकली होती.

"कोण हलवलं हे?"

"मी," आतनं मामी. "उजवीकडनं हलवलो."