जुना, नवा आणि पुन्हा नवा

कचेरी सरकारी असो वा खासगी, एक दाखला कमी आहे हे पहिल्या खेपेस, दुसराही कमी आहे हे दुसऱ्या खेपेस आणि मूळ अर्जच भलत्या नमुन्यात आहे हे तिसऱ्या खेपेस कळावे, हा शिरस्ता आमच्या पिढीने निमूटपणे पचवला; परंतु ज्या यंत्रास अर्ज तपासण्यास निमिषार्धही लागत नाही, त्यानेही पासवर्ड बदलण्याच्या अर्जावर आपले आक्षेप एकेक करून, जणू भत्ता मिळावा म्हणून, बाहेर काढावेत, हे मात्र मला अद्याप पचलेले नाही.

माझी पुतणी पनवेलातच घरी बसून संकेतस्थळे घडवते आणि त्यामुळे हार्बर मार्गावरील मुंबईच्या प्रवासातून मुक्त झाली आहे. ती वापरते ते जँगो नावाचे फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले, २००५ साली सर्वांस मोफत खुले झाले आणि त्याला नाव मिळाले ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. त्यातील पासवर्ड बदलण्याच्या अर्जाला तीन रकाने असतात : जुना, नवा आणि पुन्हा नवा. आत शिरलेल्या माणसास पुन्हा जुना पासवर्ड विचारणे मला प्रथम उर्मटपणाचे वाटले. पण खातेदार खाते उघडे टाकून चहाला गेला असता रिकाम्या खुर्चीवर कोण बसेल याचा भरवसा नसतो, हे ध्यानी घेता तीन रकान्यांत तोच सर्वांत न्याय्य ठरतो. मौज अशी, की जुना पासवर्ड विचारणाऱ्या यंत्राच्या दप्तरी तो नसतोच. एका उलट न फिरणाऱ्या गणिती संस्कारातून निघालेला त्याचा अवशेष तेवढा असतो, आणि आपण लिहिलेल्यावर तोच संस्कार करून ते त्याच्याशी ताडून पाहिले जाते.

नव्या पासवर्डाची छाननी चार परीक्षक करतात. तो किमान आठ वर्णांचा हवा, वीस हजार अतिपरिचित पासवर्डांच्या यादीतला नको, निव्वळ आकड्यांचा नको आणि खातेदाराच्या स्वतःच्या नावाशी वा ईमेलशी फार मिळताजुळता नको. म्हटले, परकीय परीक्षकास देवनागरी आकडे कुठले उमगायला, म्हणून १८५७१९४७ असे मराठीत लिहिले. परीक्षकाने ते आकडे म्हणून ओळखले आणि नामंजूर केले. यंत्राची ही बहुश्रुतता पाहून मी चाट पडलो.

मग ‘ज्योत्स्ना’ लिहिले.

‘‘मंजूर,’’ पुतणी म्हणाली.

‘‘अगं, ही तर दोन अक्षरे!’’

‘‘काका, दहा. व्यंजने, स्वरचिन्हे आणि हलंत वेगवेगळे मोजायचे.’’

लघुगुरूंच्या मात्रा मोजण्यात शाळेतील वर्षे खर्ची घातलेल्या माझ्यासारख्यास ही नवी गणना फारच उदार वाटली. पण औदार्याला खोट होतीच. ‘दऱ्याखोऱ्या’ या शब्दातला अर्धा र टंकण्याच्या दोन रीती रूढ आहेत आणि दोन्हींचे रूप डोळ्यास सारखेच दिसत असले, तरी यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द होत. त्यामुळे संगणकावर ठेवलेला पासवर्ड मोबाइलवर अचूक लिहूनही चूक ठरू शकतो, आणि ठिपक्यांआड दडलेल्या त्या तफावतीची फिर्याद कोणाकडे करणार?

जँगोचा एक गुण मात्र मी मुक्तकंठाने वाखाणतो : चारही परीक्षकांचे आक्षेप तो एकदम, एकाच यादीत मांडतो. याउलट माझे खाते असलेल्या एका संस्थेचा अर्ज आधी लांबी, मग अंक, मग चिन्ह असे हप्त्याहप्त्याने अडवतो आणि अखेरीस एक मोठे रोमन अक्षर मागतो. ज्या लिपीने छत्रपतींच्या नावासाठीसुद्धा अक्षर मोठे केले नाही, तिच्या लेकरांनी ही अट देवनागरीत पाळावी तरी कशी? बरे, अशा अटींचा पुरस्कार २००३ साली ज्यांच्या लेखणीतून झाला, त्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने असल्या मिश्रणाच्या अटी लादू नयेत, तसेच गुपित फुटल्याचा पुरावा नसता मुदतीमुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, असा सल्ला दिला.

तेव्हा असे अर्ज घडवणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच, की अटी चौकटीच्या वर आधीच छापाव्यात, आक्षेप सारे एका खेपेत कळवावेत आणि मोठ्या अक्षराची अट आजच्या आज रद्द करावी.