जुवाचा दोर दोन बोटं सरकवताना

गोदाकाठची काळी जमीन एकदा भिजली की माणसाचे पाय सोडत नाही, मग ट्रॅक्टरची चाकं ती कुठली सोडायला! बीडच्या गेवराई-माजलगावकडे अशा दिवसांत चारही चाकांनी ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा मालक जरा ताठ चालतो. बालाघाटातल्या मुरमाड उतारावरचा शेतकरी मात्र त्याच यंत्राकडे, लग्नात दोन बँडवाले आणणाऱ्याकडे बघावं तसा बघतो.

मला त्या यंत्राच्या पोटातल्या वाटणीचं अप्रूप वाटतं. इंजिन एकच, आणि जोर मागायला पुढचा नि मागचा असे दोन अ‍ॅक्सल उभे. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या मोटारीत या दोघांच्या मध्ये एक डिफरन्शियल बसवतात. साधं असेल तर ते टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, निम्मा-निम्मा वाटतं, आणि घोळ तिथंच होतो. पुढचं चाक चिखलात गरगरू लागलं की त्याला फिरवायला जोर थोडकाच लागतो. मग समतेच्या हट्टापायी मागच्यालाही तेवढाच मिळतो. मागची चाकं भक्कम जमिनीवर असूनही उपाशी. गाडी जागच्या जागी, न्याय मात्र शाबूत!

म्हणून काही गाड्यांत गिअरच्या दातांची रचनाच अशी करतात, की पुढं 40 टक्के जावेत, मागं 60. ही अक्कल आपल्याकडे जुवावर फार आधीपासून आहे. मुरलेल्या बैलाशेजारी नवा खोंड जुंपला, की जुवाचा दोर मधोमध न आवळता मुरलेल्याकडे दोन बोटं सरकवायचा. खोंडाच्या बाजूची लांबी वाढते, तेवढा त्याच्या मानेवरचा भार कमी होतो. शास्त्रात याला तरफ म्हणतात. गोठ्यात त्याला नाव द्यायची गरज कुणाला पडली नाही. आजच्या महागड्या गाड्यांत सेन्सर चाकांची घसरण मोजतात आणि क्लच आवळून जोर इकडचा तिकडे करतात. दोर सरकवणाऱ्या माणसाकडे तळहात होता. दुपारी तो खोंडाच्या मानेवरून फिरवायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, आणि दोर आणखी जरासा सरकवायचा.

महिंद्रानं मुंबईत जोडलेल्या विलीज जीपमध्ये मधल्या डिफरन्शियलची चैन नव्हती. शेजारचा दांडा ओढला की दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांना जखडले. मग ज्याची पकड चांगली, त्यानं जास्त ओढायचं. चिखलात हे झकास. डांबरी वळणावर मात्र पुढच्या चाकांना मोठा फेरा पडतो, मागच्यांना लहान, आणि जखडलेल्या दोघांची चीड सगळ्या यंत्रणेत पिळासारखी साठते. ट्रॅक्टरची पुढची चाकं तर मुद्दाम किंचित जास्त वेगानं ओढतील अशी जुळवलेली असतात. रस्त्यावर दांडा सोडायचा राहिला, तर पुढचे टायर मुकाट झिजत राहतात.

ट्रॅक्टर नि बैल शेवटी एकाच रांगेत भेटतात. दिवाळीच्या सुमाराला बीडच्या ऊसतोडणीवाल्यांच्या टोळ्या पश्चिमेकडं निघतात. हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी ट्रॅक्टर आणि बैलांच्या टायरगाड्या उसासकट खोळंबतात. ट्रॅक्टरवाला डिझेल वाचवायला इंजिन बंद करतो. बैलांना तशी काही सोय नसल्यामुळे ते रवंथ करतात.