‘तेथे एक राजा होता’ छापणाऱ्या गाईडकर्त्यांस

गाईडकर्ते महाशय,


आपल्या इंग्रजीच्या गाईडात पहिल्याच पानावर एक चौकट आहे. ‘इट म्हणजे ते. देअर म्हणजे तेथे. वॉज म्हणजे होता, होती, होते.’ वर ठळक अक्षरात ‘पाठ करा’. पोरांनी पाठ केलं. त्याचं पीक मी दरवर्षी आठवीच्या वह्यांतून कापते आहे. ‘इट वॉज कोल्ड’चं मराठी, ‘ते थंड होते’. ‘इट वॉज संडे’चं, ‘ते रविवार होते’. आणि ‘देअर वॉज अ किंग’चं, खुद्द आपल्याच उत्तरसूचीत, ‘तेथे एक राजा होता’.

तेथे म्हणजे कुठे, महाशय? एकदा वर्गात येऊन बोट दाखवा. आमच्या कहाण्यांतलं आटपाट नगर कुठल्या ‘तेथे’वाचून शतकानुशतकं नांदलं, आणि राजाआधी ‘तिथं’ आलं तर ते त्या नगराकडे बोट दाखवतं. आपण मात्र राजाला पत्ता नसलेल्या जागी नेऊन बसवलंत.

इथवर फक्त मराठी बिघडली. इंग्रजीचं काय झालं ते माझ्यापुढच्या एका वहीत बघा. निबंध गावच्या पाण्यावर आहे. मुलीने आधी कच्चं मराठीत लिहून घेतलंय: ‘आमच्या गावात दोन विहिरी होत्या. सांजावलं की बायका टँकरची वाट बघत बसायच्या.’ वाक्यं कशी घडीव आहेत! खाली तिचं इंग्रजी: ‘इन अवर व्हिलेज टू वेल्स वॉज’. ते खोडून ‘देअर टू वेल्स वॉज’. तेही खोडून ‘देअर वॉज टू वेल्स’. तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटलाय. ‘सांजावलं’पुढे तर कोरी जागाच. ‘सांजावलं’ला कर्ता नाही, आपल्या चौकटीत त्याला उत्तर नाही, मग तिने लिहायचं तरी काय?

खरं म्हणजे ही गोष्ट तिला आधीच शिकवलेली होती, मराठीच्या तासाला. उजाडलं, सांजावलं, मळमळतं, गडगडलं यांना मराठी व्याकरणात भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. त्यांना वेगळा कर्ता लागत नाही. इंग्रजीला हे चालत नाही, तिला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. म्हणून सांगण्यासारखा कर्ता नसला की ती तिथे ‘इट’ बसवते. ‘इट गॉट डार्क’ म्हणजे अंधारलं. ‘इट वॉज कोल्ड’ म्हणजे थंडी होती. ‘इट वॉज लेट’ म्हणजे उशीर झाला होता. या ‘इट’ला अर्थ नाही, त्याला फक्त जागा भरायची आहे. भावकर्तृक क्रियापद शिकलेल्या पोराला हे एका तासात समजतं. आपल्या गाईडात मात्र त्या धड्याचं नावही नाही.

‘देअर’चं काम थोडं वेगळं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं ते वाक्याच्या तोंडाशी पडतं. खरा प्रवासी क्रियापदामागून चढतो. रुमाल कुणाचाही असो, तिकिटं प्रवासी मोजून फाडतात. एक विहीर आली तर ‘वॉज’, दोन आल्या तर ‘वेअर’. ‘देअर वेअर टू वेल्स’. वहीचा कागद फाटला तो एवढ्यासाठी. ‘देअर’ म्हणजे ‘तेथे’ असं पढवलेलं पोर क्रियापद ठरवायला मागे बघतं, आणि बघायचं असतं पुढे. ‘इट’ला मात्र भूतकाळात कायम ‘वॉज’च, कारण थंडीवाऱ्याच्या वाक्यात मागून कुणी चढतच नाही.

पटत नसेल तर ‘देअर वॉज अ डॉग देअर’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. पहिला ‘देअर’ ओझरता निघून जातो, जोर दुसऱ्यावर पडतो, आणि ‘तिथे’ हा अर्थ त्या दुसऱ्याचा आहे. पहिलाही ‘तेथे’च असता, तर एका वाक्यात दोनदा ‘तेथे’ कशाला लागला असता? इंग्रज माणूस हेच वाक्य ‘वॉजन्ट देअर?’ असं विचारून संपवतो. म्हणजे अर्थ नसला तरी कर्त्याचा मान या ‘देअर’ला पुरेपूर मिळतो.

पोरं मराठी वळणाने इंग्रजी लिहितात म्हणून आपण प्रस्तावनेत त्यांना ‘कच्ची’ म्हटलंय. ते मला सर्वांत लागलं. जुन्या इंग्रजीत ‘मला वाटलं’ हे ‘मला’नेच, कर्त्यावाचून सांगत. शेक्सपिअरच्या नाटकांत भेटणारं ‘मीथॉट’ हा त्याचाच अवशेष. त्यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’. पुढे विभक्तीचे प्रत्यय झिजले, शब्दांचा क्रम पक्का झाला आणि कर्त्याची जागा भरणं सक्तीचं होऊन बसलं. लॅटिन पाऊस पडल्याचं एका क्रियापदात सांगे, स्पॅनिश आणि इटालियन आजही तसंच सांगतात, कर्त्याला हात लावत नाहीत. फ्रेंच आणि जर्मनला इंग्रजीसारखा भरतीचा कर्ता लागतो. दोन्ही रीती जगात चालतात. आमची पोरं त्यांतल्या एका रीतीत पक्की आहेत, दुसरी त्यांना कुणी समजावून दिलेली नाही.

डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या 1859च्या कादंबरीचं पहिलंच वाक्य ‘इट वॉज’ने दहा वेळा उभं राहतं. आपल्या चौकटीने ते मराठीत आणून बघा. दहा वेळा ‘ते होते’ येईल, आणि तो काळ कसा होता हे एकदाही कळणार नाही.

भाषांतरातून भाषा शिकवण्याला माझा विरोध नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. पण भाषांतर अख्ख्या वाक्याचं करायचं असतं. शब्दाला शब्द चिकटवून आपण जे विकता त्याला भाषांतर म्हणत नाहीत. सन 2000पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. ज्या घरात विचारायला कुणी नसतं तिथे आपलं गाईड हाच मास्तर असतो, आणि आईबाप ते पोटाला चिमटा काढून घेतात. त्या पैशाची आपल्याला चाड असायला हवी होती.

पुढची आवृत्ती जूनच्या आत निघेल. पहिल्या पानावरची चौकट काढा. तिच्या जागी ‘उजाडलं’ आणि ‘सांजावलं’ छापा, शेजारी ‘इट गॉट लाइट’ आणि ‘इट गॉट डार्क’ छापा. खाली ‘एक विहीर होती’ आणि ‘दोन विहिरी होत्या’ यांचं इंग्रजी ‘वॉज’ आणि ‘वेअर’सह द्या. ‘तेथे’ हा शब्द उत्तरसूचीतून काढून टाका, आणि प्रस्तावनेतला ‘कच्ची’ही. अर्धं पान पुरेल.

आपली,
आठवीच्या वह्या तपासणारी एक शिक्षिका