लाल शाईच्या बाई

मराठीच्या बाईंना लग्नपत्रिका देताना भल्याभल्यांचा हात कापतो. तुम्हीआम्ही पत्रिका उघडून मुलगी कुणाची, कार्यालय कुठलं आणि पंगत कितीला, एवढं बघतो. बाई आधी 'आशीर्वाद' बघतात. त्यातला 'शी' ऱ्हस्व निघाला की पुढचं लग्न त्यांच्या लेखी डळमळीत. साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यामुळे इथली बरीच लग्नं अशी डळमळीतच लागलेली आहेत. कार्यालयात त्या आहेर रीतसर करतात, उखाण्याला हसतात, जिलबीचा आग्रहही मोडत नाहीत. निघताना मात्र पर्समधून दुरुस्त केलेली पत्रिका काढून वधूपित्याच्या हातात ठेवतात. "धाकटीच्या वेळी उपयोगी पडेल."

मध्यंतरी चौकात कुणा ज्येष्ठ गृहस्थांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. बाई त्याच्यासमोर बराच वेळ खिन्न चेहऱ्याने उभ्या होत्या. मंडळाचा एक पोरगा अदबीने जवळ आला. "बाई, तुमचे कोण लागत होते?"

"कुणी नाही रे. पण 'भावपूर्ण'चा 'पू' बघ की किती आखूड केलाय. माणूस गेला, निदान ऊकार तरी ठेवायचा."

सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा पाणी बंद राहणार असल्याची नोटीस लावली. तासाभरात तिच्यावर लाल शाईने इतक्या दुरुस्त्या झाल्या की सगळे खाली उतरून त्याच वाचत बसले; पाण्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्ख्या इमारतीच्या बादल्या कोरड्या. मग सेक्रेटरींनी धोरणीपणाने नोटिसा इंग्रजीत काढायला सुरुवात केली. बाई इंग्रजीही बऱ्यापैकी शिकल्या आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

घरात दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग साडीच्या कपाटात आहेत आणि साड्या पलंगाखालच्या ट्रंकेत. 1932 ते 1938 या काळात निघालेला हा कोश बाईंना वडिलांकडून आला. सोनंनाणं भावांनी घेतलं, तेव्हा आपणच त्यांना गंडवलं असं बाई अजून मानतात. कढी उकळत ठेवून एखादा शब्द बघायला त्या कपाटाशी जातात. पान उघडलं की शेजारचा शब्द खुणावतो, त्याच्या पोटात तिसरा असतो, तो पार कोकणात नेऊन सोडतो. काका स्वतःच उठून गॅस बंद करतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कढी कुठल्या अक्षरापर्यंत तग धरते, याचा त्यांना अंदाज आलेला आहे.

इतकं ऐकून कुणालाही वाटेल, या बाईंच्या वर्गात पोरं चळचळा कापत असतील. पाचवीतल्या पोरांनी तो लाल पेन पाहिलेलासुद्धा नाही. माझा असा समज आहे की भाषेच्या शिक्षकांत दोन जाती असतात. पोरांच्या वह्या रक्तबंबाळ करून मोठ्यांशी गोड बोलणारी एक, आणि नेमकं उलट करणारी दुसरी. ही दुसरी फारच थोडी आढळते, आणि संस्थाचालकांना ती सहसा परवडत नाही.

पोरांच्या चुकांसाठी बाईंनी वेगळी वही घातली आहे. तिच्यात चुका दुरुस्त होत नाहीत, जपल्या जातात. एका पोराने 'खाल्लं'च्या चालीवर 'जाल्लो' केलं, तेव्हा बाई शिक्षकखोलीत ती वही घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी गेल्या. "खा-चं खाल्लं, मग जा-चं जाल्लो. नियमाने पोरगंच बरोबर आहे. 'गेलो' कुठून उपटलं, ते सांगा!" गणिताच्या सरांनी चहा संपवून तास नसतानाही वर्ग गाठला.

शाळेची गोष्टींची पुस्तकं कपाटात असतात आणि किल्ली शिपाईमामांकडे, कारण मुलांच्या हातात गेली की पुस्तकं मळतात. बाईंचं म्हणणं, न मळलेलं बालसाहित्य म्हणजे न फोडलेला नारळ. म्हणून त्यांची स्वतःची पत्र्याची पेटी वर्गात असते. नोंदवही नाही, दंड नाही. 'किशोर'चा नवा अंकही तिच्यातच पडतो, पण बाईंचा वाचून झाल्यावर. पेटीतल्या भा. रा. भागवतांच्या एका 'फास्टर फेणे'ची शेवटची पानं कधीच गळाली आहेत. बाईंनी ती मुद्दाम आणली नाहीत. वाचेल त्याने शेवट स्वतः सांगायचा, असा रिवाज पडला. आता त्या गोष्टीला इतके शेवट झालेत की एका पोरीला मामाकडे धड प्रत मिळाली, तर परत येऊन ती म्हणाली, "बाई, भागवतांचा पण चांगलाय. पण आपल्या पोरांनी जास्त माणसं पकडली होती." त्या आठवड्यात वर्गातून सारखं फेणेचं 'ट्टॉक्' ऐकू येत होतं, म्हणून मुख्याध्यापकांनी नळ तपासायला माणूस बोलावला.

गेल्या सहलीला बस निघाली होती महाबळेश्वरला. पाचगणी ओलांडल्यावर बाईंनी ती भिलारला वळवली. स्ट्रॉबेरीचं हे गाव 4 मे 2017 पासून 'पुस्तकांचं गाव' झालं आहे. सुरुवातीलाच पंचवीसेक घरं-देवळांतून मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं मांडली गेली. कुणीही यावं, ओसरीवर बसून फुकट वाचावं. पोरांनी एका हाताने वाचलं, दुसऱ्या हाताने खाल्लं. पानांवर लाल ठसे उमटले, आणि बाईंनी चक्क दुसरीकडे बघितलं. निघायच्या वेळी मुख्याध्यापकांनी डोकी मोजली. पोरं बरोबर भरली, बाई कमी पडल्या. त्या एका आजींच्या वाफ्यात उकिडव्या बसून, रोपाच्या कुठल्या भागाला आजी काय म्हणतात ते उतरवून घेत होत्या. महाबळेश्वर राहिलंच. सनसेट पॉइंटच्या आधीच दिलेल्या पैशांचा विषय मुख्याध्यापक अजून काढतात.

सहलीवर निबंध आले. त्यात जाल्लोवाल्या पोराने सुरुवातच 'आम्ही भिलारला जाल्लो' अशी केली होती. बाईंनी दहापैकी दहा दिले.

सोमवारी त्याचे वडील लेखी तक्रार घेऊन हजर. माझ्या पाल्याची ढळढळीत चुक आपण दुरूस्त केली नाही, असा मजकूर. बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग पर्समधून पेन काढला. 'चुक'चा उकार दीर्घ केला, 'दुरूस्त'चा ऱ्हस्व केला, आणखी दोन ठिकाणी अनुस्वार ठेवले, आणि अर्ज परत देत म्हणाल्या, "मजकूर उत्तम आहे. स्वच्छ लिहून आणा."

शुक्रवारी ते खरंच स्वच्छ लिहून घेऊन आले, ओळी आखून, समास सोडून. बाईंनी तो उभ्याउभ्या वाचला, खाली 'छान प्रगती' असा शेरा मारला आणि सही केली. वडील अर्ज घडी घालून खिशात ठेवत, खूश होऊन घरी गेले. तक्रार तेवढी द्यायची राहिली.